शेतातली नोंद सर्व्हरपर्यंत पोहोचते कशी? नेटवर्क नसलेल्या ठिकाणी टिकणारं ॲप

केळीची कटाई शेतात होते, वजन बांधावर होतं आणि हिशोब मागणारा माणूस रावेरला किंवा सावद्याला बसलेला असतो. मधलं अंतर ॲपने भरून काढायचं, असं हल्ली अनेक व्यापारी आणि शेतकरी गट ठरवतात. काम सोपं वाटतं. शेतकऱ्याचं नाव, गाडी नंबर, वजन, भाव असे चार रकाने आणि खाली 'जतन करा' बटण. जळगावच्या ऑफिसात वायफायवर असं ॲप छान चालतं. मग ते सातपुड्याच्या पायथ्याशी जातं आणि तक्रारी सुरू होतात. नोंद केली होती, आता दिसत नाही. एकच वजन दोनदा आलंय. काल पहाटेची गाडी परवाच्या तारखेत पडलीय.

नेटवर्कला दोष देऊन हा विषय मिटत नाही. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात नेटवर्क जाणार हे धरूनच ॲप बांधायचं असतं, आणि तसं बांधायची पद्धत ठरलेली आहे. ती समजून घ्यायला एकाच नोंदीच्या मागे जाऊ: १२ क्विंटल ३५ किलो केळी, भाव क्विंटलला १,४५० रुपये. ही नोंद बोटापासून सर्व्हरपर्यंत जाताना कुठे अडकते, कुठे दुप्पट होते आणि कुठे हरवते, ते पाहू. उदाहरणं अँड्रॉइडची आहेत, कारण शेतात बहुतेक तेच फोन असतात.

आधी फोनमध्ये लिहा

नवा डेव्हलपर बहुधा असं लिहितो: बटण दाबलं की सर्व्हरला रिक्वेस्ट पाठवायची, उत्तर आलं की 'जतन झालं' म्हणायचं, नाही आलं तर 'पुन्हा प्रयत्न करा'. यात नोंद उत्तर येईपर्यंत फक्त मेमरीत असते. तेवढ्यात फोन आला, बॅटरी संपली किंवा माणसाने कंटाळून ॲप बंद केलं, की नोंद गेली.

म्हणून नोंद आधी फोनमधल्याच डेटाबेसमध्ये लिहायची. त्यासाठी एसक्यूलाइट प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये आधीपासून असतं. २००० साली रिचर्ड हिप यांनी ते पहिल्यांदा आणलं, आणि आज अँड्रॉइडवर ते बहुधा 'रूम' या लायब्ररीतून, म्हणजे तयार कोडच्या संचातून, वापरतात. स्क्रीनवर जे दिसतं ते नेहमी या स्थानिक डेटाबेसमधून वाचायचं, सर्व्हरच्या उत्तरातून नाही. नेटवर्क असो वा नसो, माणसाला ॲप सारखंच वागताना दिसतं. याला ऑफलाइन-फर्स्ट म्हणतात.

जतन करताना दोन गोष्टी लिहायच्या असतात: नोंद आणि 'ही नोंद पाठवायची आहे' अशी रांगेतली ओळ. दोन्ही एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये गेल्या पाहिजेत, म्हणजे लिहिल्या तर दोन्ही, नाहीतर एकही नाही. वेगवेगळ्या लिहिल्या आणि नेमकी मधल्या क्षणात बॅटरी गेली, तर नोंद फोनमध्ये कायम दिसते आणि सर्व्हरकडे कधीच जात नाही. महिनाअखेरीस हिशोब जुळत नाही आणि कारणही सापडत नाही. असा बग हुडकायला फार अवघड, कारण फोन दाखवतो की सगळं ठीक आहे.

माणसाला प्रत्येक नोंदीसमोर तिची खरी स्थिती दिसली पाहिजे: फोनमध्ये आहे, सर्व्हरवर पोहोचली, की अडली. सर्व्हरने पोच दिल्याशिवाय हिरवी टिक दाखवायची नाही. मुख्य स्क्रीनवर वरच '७ नोंदी पाठवायच्या बाकी' असा आकडा ठेवा. संध्याकाळी गावात परत आल्यावर तो शून्य झालाय का, हे कोणालाही एका नजरेत कळतं.

आकड्यांच्या दोन चुका इथेच घुसतात. पहिली दशांशाची. पैसे आणि वजन दशांश संख्येत ठेवू नका, कारण संगणक ०.१ सारखी संख्या द्विमान पद्धतीत नेमकी साठवू शकत नाही आणि बेरजेत पैशांचा फरक पडत जातो. वजन १२३५ किलो, भाव १,४५,००० पैसे क्विंटलला, दोन्ही पूर्णांक. गुणाकार करून शंभराने भागलं की १७,९०,७५० पैसे, म्हणजे १७,९०७ रुपये ५० पैसे. काटा शंभर ग्रॅमपर्यंत दाखवत असेल तर वजन ग्रॅममध्ये ठेवा.

दुसरी चूक खास आपल्याकडची. फोनची भाषा मराठी ठेवली असेल, तर कोटलिन किंवा जाव्हा या अँड्रॉइडच्या प्रोग्रामिंग भाषांमध्ये संख्येचं फॉरमॅट करताना फोनच्या भाषेचे नियम लागतात आणि सर्व्हरकडे इंग्रजी अंकांऐवजी देवनागरी '१२३५' जातं. ते वाचायची तयारी नसलेला सर्व्हर नोंद नाकारतो. डेव्हलपरचा फोन इंग्रजीत असतो, म्हणून त्याला हे कधीच दिसत नाही. उपाय एका ओळीचा आहे. सर्व्हरला पाठवायच्या मजकुरासाठी फॉरमॅट करताना भाषा स्पष्टपणे 'रूट' अशी द्या. फोनची भाषा फक्त स्क्रीनवर दाखवायच्या मजकुराला लावा.

एकच नोंद दोनदा का जाते

कमकुवत नेटवर्कवर सर्वात घातक प्रसंग 'रिक्वेस्ट गेलीच नाही' हा नसतो. रिक्वेस्ट गेली, सर्व्हरने नोंद केली आणि उत्तर परत येताना रस्त्यात हरवलं, हा असतो. रिक्वेस्ट पाठवणारी ओकेएचटीटीपी ही लायब्ररी न बदलता वापरली तर दहा सेकंद डेटाची वाट पाहून सोडून देते. फोनच्या दृष्टीने रिक्वेस्ट फसली, म्हणून तो पुन्हा पाठवतो. सर्व्हरच्या दृष्टीने ही नवी नोंद. झाले २४ क्विंटल ७० किलो.

उपाय आहे नोंदीला फोनमध्येच कायमची ओळख देण्याचा. त्यासाठी यूयूआयडी वापरतात. हा १२८ बिटांचा क्रमांक असतो आणि त्याच्या नेहमीच्या चौथ्या प्रकारात १२२ बिट निव्वळ यादृच्छिक असतात, त्यामुळे दोन फोनांवर तोच क्रमांक निघण्याची शक्यता व्यवहारात शून्य. काट्यावरची पावती दोनदा दाखवली तरी मुनीम पावती नंबर पाहून माल एकदाच धरतो. सर्व्हरनेही तेच करायचं. ओळखीचा क्रमांक दुसऱ्यांदा आला तर नवी ओळ न लिहिता पहिल्या वेळचंच यशस्वी उत्तर परत द्यायचं. चूक झाली असं सांगितलंत तर फोन बिचारा पुन्हा पुन्हा पाठवत राहील.

तत्त्व सोपं आहे, तरी ते तीन ठिकाणी मोडलेलं दिसतं. काही जण क्रमांक पाठवण्याच्या क्षणी तयार करतात. मग प्रत्येक प्रयत्नाला नवा क्रमांक मिळतो आणि सगळा खटाटोप वाया. काही जण सर्व्हरवर आधी 'हा क्रमांक आहे का' शोधतात आणि नसेल तर लिहितात. दोन रिक्वेस्ट एकाच वेळी आल्या तर दोघांनाही 'नाही' असं उत्तर मिळतं आणि दोघी लिहितात. म्हणून डेटाबेसच्या त्या रकान्यावरच युनिक बंधन, म्हणजे तोच क्रमांक दुसऱ्यांदा लिहू न देणारा नियम, हवं; कोडमधली तपासणी पुरत नाही. तिसरी जागा बटणाची. उन्हात स्क्रीन नीट दिसत नाही, बटण दाबल्याचं कळत नाही, माणूस पुन्हा दाबतो. क्रमांक बटण दाबल्यावर तयार होत असेल तर दोन दाबांच्या दोन नोंदी. फॉर्म उघडताच क्रमांक तयार करून ठेवला, तर कितीही वेळा दाबलं तरी नोंद एकच.

फोटोचं गणित वेगळं ठेवा. चार रकान्यांची नोंद, देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ या मजकूर साठवायच्या पद्धतीत तीन बाइट घेतं हे धरूनही, एक केबीच्या आत बसते. काटापट्टीचा १२ मेगापिक्सेलचा फोटो तीन ते पाच एमबीचा असतो. दोन्ही एकत्र पाठवलं तर फोटोपायी नोंदही अडते. नोंद आधी आणि एकटी जाऊ द्या. फोटोची लांब बाजू १,६०० पिक्सेलवर आणून तो मागून पाठवा. पावतीवरचे आकडे तरीही वाचता येतात आणि फाइल काहीशे केबीवर येते.

रांग तुंबते तेव्हा

'नेटवर्क आहे का' असं आधी विचारून पाठवायचं, ही कल्पना फसवी आहे. टॉवरच्या रेघा पूर्ण दिसतात आणि डेटा एक अक्षर जात नाही, हा अनुभव चोपडा-यावलच्या वरच्या अंगाला कोणीही सांगेल. पाठवून पाहायचं, फसलं तर थांबून पुन्हा पाहायचं, हेच खरं. थांबण्याचा वेळ दर वेळी दुप्पट करायचा: ३० सेकंद, एक मिनिट, दोन मिनिटं, चार. त्यात थोडा यादृच्छिक फरक मिसळायचा. वादळी पावसात वीज जाते, टॉवर बसतो आणि तो परत उभा राहिला की सगळे फोन एकदम सर्व्हरवर तुटून पडतात. फरक मिसळला की ती गर्दी पसरते.

मात्र प्रत्येक अपयश सारखं नसतं. सर्व्हर बंद आहे, उत्तर आलं नाही, वेळ संपली: यात पुन्हा पाठवणं योग्य. पण सर्व्हरने उत्तरात '४००' हा संकेतांक देऊन नोंदच चुकीची आहे असं सांगितलं, तर ती हजार वेळा पाठवली तरी चुकीचीच राहील. अशी नोंद रांगेच्या तोंडाशी अडकून बसली की मागच्या सगळ्या चांगल्या नोंदी थांबतात. तिला बाजूला काढा, 'अडली' असं चिन्ह लावा आणि कारण साध्या मराठीत दाखवा: 'वजन शून्य आहे, दुरुस्त करा.'

आणि '४०१', म्हणजे लॉगिनची मुदत संपली. इथे पुष्कळ ॲप माणसाला बाहेर काढतात आणि जाताजाता स्थानिक डेटाबेस पुसतात. न पाठवलेल्या नोंदी त्यासोबत जातात. नोंदी हरवल्याची तक्रार आली की सर्वात आधी हेच तपासावं. पुन्हा लॉगिन मागा, रांग मात्र तशीच राहू द्या.

फोन ॲपला झोपवतो

'दर पाच मिनिटांनी मागून सिंक होईल' असं ग्राहकाला सांगू नका. २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून डोझ ही बॅटरी वाचवणारी सोय आली. फोन स्थिर पडून राहिला, स्क्रीन बंद असली आणि चार्जिंगला नसला की मागची कामं अधूनमधून उघडणाऱ्या ठरावीक खिडक्यांपुरती थांबवली जातात. २०१८ च्या अँड्रॉइड ९ ने ॲप किती वापरलं जातं त्यावरून त्यांचे गट पाडले. कमी वापरलेल्या ॲपला कमी संधी. मागची कामं ठरवून देणाऱ्या वर्कमॅनेजर या लायब्ररीत ठरावीक अंतराने चालणाऱ्या कामाचं किमान अंतरच १५ मिनिटं आहे. त्यावर काही कंपन्यांचे स्वतःचे बॅटरी बचतीचे नियम, जे वर्कमॅनेजरलाही जुमानत नाहीत. म्हणून ॲप उघडं असतानाच लगेच पाठवा, ॲप उघडताच पुन्हा रांग तपासा आणि वर्कमॅनेजर आधाराला ठेवा.

याहून जास्त त्रास अर्धवट भरलेल्या फॉर्मचा होतो. माणसाने नाव आणि वजन भरलं, पावतीचा फोटो काढायला कॅमेरा उघडला. दोन-तीन जीबी रॅमच्या फोनमध्ये कॅमेऱ्याला जागा द्यायला अँड्रॉइड आपल्या ॲपची प्रोसेस मारून टाकतं. परत आल्यावर फॉर्म कोरा. व्ह्यूमॉडेलमध्ये, म्हणजे स्क्रीनची माहिती मेमरीत धरणाऱ्या भागात, माहिती ठेवली म्हणजे झालं, हा गैरसमज इथे उघडा पडतो: स्क्रीन आडवी केल्यावर व्ह्यूमॉडेल टिकतं, प्रोसेस मेल्यावर टिकत नाही. लहान माहितीसाठी सेव्हड-स्टेट ही प्रोसेस मेल्यावरही टिकणारी सोय आहे, पण फॉर्मसाठी सरळ मार्ग म्हणजे रकाना बदलला की मसुदा डेटाबेसमध्ये लिहायचा.

तपासायची रीत: फोनच्या सेटिंगमध्ये 'बिल्ड नंबर'वर सात वेळा टॅप केलं की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. तिथे 'डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज' चालू करतात, पण त्याने फक्त स्क्रीन नष्ट होते, प्रोसेस जिवंत राहते आणि काही बग लपून राहतात. 'बॅकग्राउंड प्रोसेस लिमिट' शून्यावर आणून, दुसरी दोन-तीन ॲप उघडून परत या. फॉर्म जसाच्या तसा दिसला तर खरं.

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो तेव्हा उन्हात धरलेला फोन स्वतःला वाचवायला प्रोसेसरचा वेग आणि स्क्रीनचा उजेड दोन्ही कमी करतो. म्हणून पांढऱ्यावर गडद अक्षर, मोठं बटण, ॲनिमेशन नको.

दोघांनी एकच नोंद बदलली तर

शेतातल्या माणसाने वजन १२३५ चं १२५३ केलं, त्याच वेळी ऑफिसातल्याने भाव बदलला. शेतातला फोन ऑफलाइन. नंतर तो जोडला जातो तेव्हा कोणाचं खरं?

'ज्याची वेळ नंतरची त्याचं खरं' हा नियम सगळ्यांना आधी सुचतो आणि तोच धोक्याचा आहे, कारण वेळ फोनच्या घड्याळाची असते आणि ते कोणीही हाताने बदलू शकतं. वेगवेगळ्या यंत्रांवरच्या घटनांचा क्रम घड्याळावर न सोपवता कसा लावायचा, हे संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ मध्येच मांडलं होतं. साधा व्यवहारी मार्ग असा: प्रत्येक नोंदीला आवृत्ती क्रमांक द्या. फोन सांगतो, 'मी तिसऱ्या आवृत्तीवरून बदल केला.' सर्व्हरवर आता चौथी असेल तर सर्व्हर '४०९', म्हणजे बदलांची टक्कर झाली, असं देऊन चौथी परत पाठवतो आणि ॲप दोन्ही आकडे शेजारी दाखवून माणसाला विचारतं.

सीआरडीटी नावाची रचना २०११ पासून बरीच चर्चेत आहे. तिच्यात दोन बदल आपोआप एकत्र होतात. सामायिक मजकूर किंवा यादीसाठी ती उत्तम. वजनासाठी नाही. १२३५ आणि १२५३ यांतलं खरं कोणतं, हे काट्याजवळ उभा असलेला माणूसच सांगू शकतो. आमच्या मते पैशांच्या ॲपमध्ये जुनी नोंद बदलूच देऊ नये. चुकली तर रद्दची नोंद आणि नवी नोंद. वाद बहुतांशी मिटतात आणि कोणी, कधी बदललं याचा माग राहतो.

तारखेची तक्रारही घड्याळाचीच. वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, साठवायची हे बरोबर आहे, पण दिवसाचा अहवालही यूटीसीनेच काढला की गडबड होते. भारतीय वेळ साडेपाच तास पुढे. १२ तारखेला पहाटे अडीचला भरलेली गाडी यूटीसीत ११ तारखेच्या रात्री ९ ची ठरते. पहाटे साडेपाचपर्यंतचा सगळा माल आदल्या दिवसात पडतो. साठवताना यूटीसी, दिवस मोजताना भारतीय वेळ.

अपडेट

ॲप बदललं तरी शेतातला फोन महिनाभर जुनंच चालवतो. म्हणून सर्व्हरने नवीन रकाना सक्तीचा करताना जुन्या ॲपची नोंद नाकारायची नाही. डेटाबेसची रचना बदलली की मायग्रेशन, म्हणजे जुना डेटा नव्या रचनेत नेणारा कोड, लिहावं लागतं. ते नसेल तर रूम ॲप उघडताच क्रॅश करते. ती टाळायला 'डिस्ट्रक्टिव्ह मायग्रेशन'चा पर्याय लावला तर तक्ते पुसून नवे बनतात, आणि न पाठवलेली रांगही पुसली जाते. लोक मधल्या आवृत्त्या गाळतात, त्यामुळे तिसरीवरून थेट सातवीवर जाऊन पाहणं भाग आहे.

गूगल प्लेवर अपडेट आधी पाच टक्के लोकांनाच द्या. गडबड दिसली तर वाटप थांबवता येतं, पण ज्यांच्याकडे गेलं त्यांच्याकडून परत घेता येत नाही; वरच्या क्रमांकाची दुरुस्त आवृत्तीच काढावी लागते. रोज वापरणाऱ्यांपैकी १.०९ टक्क्यांहून जास्त जणांना क्रॅश दिसला, किंवा ०.४७ टक्क्यांहून जास्त जणांचं ॲप गोठलं, तर प्ले स्टोअरवर ॲप मागे पडू शकतं. गोठणं म्हणजे स्पर्शाला पाच सेकंदांत प्रतिसाद न देणं. मोठी रांग मुख्य थ्रेडवर, म्हणजे स्क्रीन सांभाळणाऱ्या धाग्यावर, वाचली की हे हमखास होतं. वैयक्तिक खातं नुकतंच काढलेल्या विद्यार्थ्यांनी एक नियम आधीच ध्यानात घ्यावा: ॲप सर्वांसाठी खुलं करण्यापूर्वी किमान १२ जणांनी सलग १४ दिवस बंद चाचणीत, म्हणजे फक्त निवडक लोकांपुरत्या खुल्या चाचणीत, राहावं लागतं.

चाचणीबद्दल संशोधन काय सांगतं

मोबाइल ॲप बांधणीच्या विषयाची 'मोबाइलसॉफ्ट' ही स्वतंत्र परिषद २०१४ मध्ये हैदराबादला सुरू झाली. त्या सुमाराचे दोन निष्कर्ष कामाचे आहेत. २०१३ च्या एका अभ्यासात दिसलं की कमी तारे मिळालेली ॲप वारंवार बदलणाऱ्या आणि जास्त दोष असलेल्या एपीआयवर, म्हणजे लायब्ररी आणि अँड्रॉइड पुरवत असलेल्या तयार फंक्शनांवर, अधिक विसंबलेली असतात. नवी लायब्ररी निवडताना तिचा बदलांचा इतिहास आधी पाहा. २०१५ मध्ये स्वयंचलित चाचणीची साधनं एकमेकांशी लावून पाहिली, तेव्हा कुठेही यादृच्छिक टॅप मारणारं अँड्रॉइडचं साधं 'मंकी' हे साधन कोडचा सर्वाधिक भाग चालवून दाखवण्यात पुढे निघालं. ते फुकट आहे. रात्रभर चालू ठेवा.

पण मंकीला हरवलेलं उत्तर कळत नाही. त्यासाठी चाचणीच्या सर्व्हरमध्ये मुद्दाम खोट घाला: दर तिसरी नोंद लिहून घ्यायची आणि उत्तर न देता जोडणी तोडायची. मग कमी रॅमचा एक फोन आणि मराठी भाषा लावलेला एक फोन घ्या, शंभर नोंदी करा, मध्येच विमान मोड चालू-बंद करा, एकदा फोन सरळ बंद करा. शेवटी सर्व्हरवरच्या नोंदी मोजा. एकशे एक निघाल्या तर यूयूआयडी कुठे तयार होतोय ते पाहा. नव्याण्णव निघाल्या तर पोच मिळायच्या आधीच नोंद रांगेतून काढली जातेय का, ते पाहा.